चेहरा सांगायचा नाही

वॉशिंग मशीनने कपडे झाल्याची पिपाणी वाजवली आणि दुपारची शांतता मोडली. ती धावत गेली, बटण दाबलं, पण उशीर झाला होता. आतल्या खोलीत ठमी जागी होती. पांघरूण नाकापर्यंत ओढलेलं, डोळे दाराकडे.

"ती बाई गेली?" ठमीने विचारलं.

"कोण बाई?"

"दारात उभी राहते ती."

दुसऱ्या कुठल्याही आईने पोरीला जवळ घेऊन विषय बदलला असता. तिनेही जवळ घेतलं. विषय मात्र तिला बदलता येईना, कारण असल्याच विषयांवर तिचं पोट चालत होतं.

भयकथांच्या एका वेबसाइटसाठी ती घरून काम करायची. लोक कथा पाठवत, चित्रं पाठवत. त्यातलं खरंच अंगावर काटा आणणारं कुठलं आणि नुसतंच किळसवाणं कुठलं, हे निवडायचं. रक्त, कवट्या, किंचाळ्या सगळं बाद. रिकाम्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची चालेल. माणसासारखं दिसणारं, पण माणूस जे सहज करतो तेवढंच नेमकं न करणारं काहीतरी तर फारच छान. घाबरायचं की नाही हेच समजत नाही, आणि त्या गोंधळातच भीती पाय पसरून बसते. संपादकबाईंचा पहिला नियम तिला पाठ होता: चेहरा सांगायचा नाही. तो एकदा कळला की वाचक निवांत होतो.

बरेच जण कथा स्वतःच्या आवाजात पाठवायचे. कानात इअरफोन खुपसून ती त्या मोबाइलवर ऐकायची. ऐकता ऐकता कपड्यांच्या घड्या घालायच्या, ठमीवर नजर टाकून यायचं, ओटा पुसायचा. ठमीच्या जन्मानंतरची ही पहिली नोकरी. घरात लहान मूल असताना भुतंखेतं पोसायची हौस कशाला, असं नणंदेने तोंडावर सुनावलं होतं. नवरा तसं बोलला नव्हता, पण पोरगी घाबरली तर हे बंद, एवढं दोघांत ठरलं होतं.

म्हणून तिने त्याला काही सांगितलं नाही. ठमीच्या नजरेला नेमकं कुठलं चित्र पडलं, ते आधी शोधायचं.

वेणी घालताना, जेवू घालताना तिने हळूहळू सगळं काढून घेतलं. बाई दुपारीच येते. दारात उभी राहते, आत येत नाही. तिच्या तोंडावर खालून उजेड पडतो, निळा निळा. हाक मारली तर तिला ऐकू येत नाही. आणि जाताना ती पाठ फिरवत नाही. तशीच मागे मागे जाते, दार ओढून घेते, आवाज होत नाही.

"काही बोलते का गं?"

"नाही. मी पाणी मागितलं ना, तर हसली," ठमी म्हणाली. "पण माझ्याकडे बघून नाही."



साइटवरची सगळी चित्रं तिने धुंडाळली. अशी बाई कुठेच नव्हती. म्हणजे दोष तिच्या कामाचा नव्हता. बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली. मग ही आली कुठून? बाहेरच्या दाराची कडी तिने दोन-दोनदा तपासली. शेजारच्या काकूंना आडून विचारलं, त्यांनी कुणालाच येता-जाताना पाहिलं नव्हतं. काही दुपारी काम बाजूला ठेवून ती ठमीच्या उशाशी बसून राहिली. बाई फिरकली नाही. ती कामाला बसली त्या दिवशी बाई पुन्हा हजर.

डोकं चालेना, तेव्हा तिने तेच केलं जे तिला येत होतं. सगळं लिहून काढलं आणि संपादकबाईंना पाठवलं. पोरीचं नाव तेवढं बदललं.

कथा साइटवर आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. पाणी मागितल्यावर बाई हसते तिथे मोबाइल उलटा ठेवला, असं कुणीतरी लिहिलं. संपादकबाईंनी फोन करून पुढचा भाग मागितला, कायम करून घेण्याचंही बोलल्या. बाईचं कोडं मात्र उलगडू नको, असं बजावलं. ती हो म्हणाली. फोन ठेवून आत आली तर ठमी पलंगाखाली शिरून बसलेली. दुपारी झोपणार नाही म्हणत होती. चड्डी ओली होती.

तिने तिला बाहेर काढलं, कपडे बदलले, मांडीवर घेतलं. इतके दिवस आपण या पोरीला आईसारखं काही विचारलंच नाही, हे तिला तेव्हा कळलं. विचारत होती ती तिच्यातली साइटवाली. चेहरा कळला की घाबरणं संपतं हे ठाऊक असून तिने तो मुद्दाम विचारला नव्हता, कथा बिघडेल म्हणून. जाऊ दे ती कथा, आणि जाऊ दे ते कायम होणं.

"ठमे," ती म्हणाली, "त्या बाईचं तोंड कसं आहे गं?"

ठमीने तिच्याकडे निरखून पाहिलं. आई थट्टा करतेय की काय, असं. मग एक बोट वर केलं आणि आईच्या भुवईवरून, नाकावरून, हनुवटीवरून सावकाश फिरवलं.

"असंच," ती म्हणाली. "गाऊनपण तुझाच घालते. आई, ती आली की तू कुठे जातेस?"