बाजूचा उजेड

हैदराबादच्या स्थळानं फोटो मागवला, तसं निजामी कचेरीतल्या दिनकररावांनी परभणीच्या बन्सीधर फोटोवाल्याला सोनपेठला बोलावलं. त्यांच्या लेकीच्या, पद्मजाच्या गालांवर देवीचे वण होते अन् त्यापायी दोन स्थळं परत फिरली होती. “काळजी सोडा, साहेब,” मॅग्नेशियमच्या भुकटीचं तबक कॅमेऱ्याजवळ धरत बन्सीधर म्हणाला. “समोरून भडका उडवला की वण दिसायचे न्हाईत. बाजूनं उडवला, तर खड्डान्खड्डा दिसतो.” पद्मजा खुर्चीवरून उठली. त्याच्या हातातलं तबक घेऊन तिनं ते डावीकडच्या खिडकीत ठेवलं. “पद्मे, काय करायलीस? हेही स्थळ मोडंल!” दिनकरराव कळवळले. “मोडू द्या की, अण्णा. अंतरपाट सरल्यावर नवऱ्यानं तोंड फिरवलेलं मला बघायचं न्हाई. आत्ताच बघू द्या.” ती बसली, हनुवटी उचलली. “उडवा, काका.” भक्कन उजेड पडला. दोन्ही पुरुषांचे डोळे मिटलेले तिनं उघड्या डोळ्यांनी पाहिले.