तो पोचला तेव्हा

वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा भाऊ मोबाइल घेऊन तिच्याजवळ येऊन बसला. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे त्याच्या चुका काढणं हे लहानपणापासून तिच्याच वाट्याला आलेलं. रजेसाठी साहेबांना लिहिलेला मेसेज त्याने वाचून दाखवला, "व्हेन आय रीच्ड द हॉस्पिटल, माय फादर डाइड." मग थांबून म्हणाला, "ताई, इथे नुसतं 'डाइड' की 'हॅड डाइड'? माझा नेहमी घोळ होतो."

"'हॅड' लावलंस तर तू पोचायच्या आधीच ते गेले होते, असा अर्थ होतो," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"मग नको. मी जिना चढत होतो ना तेव्हा. तूच म्हणालीस, माझी चाहूल लागली आणि मगच त्यांनी डोळे मिटले."

"हो. मग 'डाइड'च बरोबर."

त्याने मेसेज पाठवला आणि तिथेच, तिच्या शेजारी, भिंतीला टेकून झोपी गेला.

 

बाबा तो पोचायच्या तासभर आधीच गेले होते, आणि तो येईपर्यंत ती त्यांचा हात आपल्या तळव्यांत चोळत बसली होती, भावाने धरल्यावर तो गार लागू नये म्हणून.