हिरवा रंग

"आई, हे काय केलंस!"

आई बाबांचा पत्रा पदराने पुसत मोरीतून बाहेर आली. तिच्यामागे नळ तसाच वाहत होता. पत्रा नव्या ताटासारखा लखलखत होता.

"पाहुणे बघायला येणार, म्हणून चिंच लावली गं," ती म्हणाली.

इम्फाळला नोकरीवर असताना बाबांनी तो एका शेतकऱ्याकडून आणला होता. महायुद्धात तिथे कोसळलेल्या जपानी लढाऊ विमानाचा तुकडा. त्यावरच्या हिरव्या रंगाला ते कुणाला बोटही लावू देत नसत. काका दर दिवाळीला चिडवायचे, "दादाने एसटीचं मडगार्ड आणलंय!" बाबा नुसते हसायचे. ते गेल्यावर मीच संग्रहालयाला कळवलं. तो तुकडा खरा ठरावा, एवढंच मला हवं होतं.

बेल वाजली. संग्रहालयाचे टिपणीस आले. त्यांनी पत्रा उलटसुलट करून पाहिला.

"रंग कुठे गेला?"



"मी घासला," आई म्हणाली. "घासला तरी कुठे! नुसता हात फिरवला, तर सालपटं निघाली."

टिपणीस खुर्चीत टेकले. "जपानी लोक कित्येकदा खाली अस्तराचा हात न देताच रंग मारायचे. तो असाच सुटतो. म्हणजे तुकडा खरा असणार, वहिनी. पण रंगाशिवाय ते सिद्ध कसं करू?"

मी मोरीकडे धावले. नळ बंद केला. जाळीत नखाएवढं हिरवं सालपट अडकलं होतं.

त्याला बोट लावायचं मला धैर्य होईना.