चौदावं ताट

"मोठ्याने वाचा," सरकारी वकील म्हणाले.

ऑस्टिन टिरेलने स्वतःचीच डायरी हातात घेतली. सकाळी याच पिंजऱ्यात उभं राहून त्याने शपथेवर सांगितलं होतं, की तीन फेब्रुवारीला, गुरुवारी, रात्री आठ वाजता मॅलकी ब्रीन बॅरिस्टर अलिक डेव्हरूंच्या घरी जेवत होता. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण लेखकाला राहवतंय कुठे? आपण रोजच्या रोज डायरी लिहितो, त्यातही हे सापडेल, असं तो न विचारता बोलून गेला. दुपारच्या सुट्टीत सरकारी वकिलांनी शिपाई पाठवून डायरी मागवली.

त्याच रात्री आठला डब्लिनच्या रॅथमाइन्स भागात एका जमीनदाराच्या कारभाऱ्याला कुणीतरी गोळी घालून ठार केलं होतं. पळणारा किडकिडीत माणूस दोघांनी पाहिला होता, आणि ब्रीन किडकिडीत होता, म्हणून खटला त्याच्यावर. त्या काळच्या कायद्याने आरोपीला स्वतःची साक्ष देता येत नव्हती. त्याचं वकीलपत्र दुसरं कुणी घेईना म्हणून डेव्हरूंनी घेतलं, आणि वकील झाल्यामुळे त्यांचंही तोंड साक्षीपुरतं बंद झालं. बाकीच्या पाहुण्यांना ब्रीन आठवत होता, पण नेमका कोणत्या गुरुवारी ते छातीठोकपणे सांगता येईना. डेव्हरूंच्या मोलकरणीला, डेलियाला, ताटं आठवत होती, तारखा नाहीत. ब्रीनच्या गळ्यात फास पडू नये म्हणून आता एकटा टिरेल उभा होता.

डेव्हरूंकडे गुरुवारी डब्लिनमधली सगळी तल्लख माणसं जेवायला जमत. वकील, डॉक्टर, एक निवृत्त न्यायमूर्ती, चित्रकार, टिरेलसारखे लेखक. शिकलीसवरलेली मंडळी, पण टेबलाशी तेरा जण बसले की वर्षाच्या आत त्यातला एक जातो, यावर सगळ्यांचा विश्वास. म्हणून माणसं तेरा भरली की डेलिया शाल गुंडाळून दोन गल्ल्या पलीकडे धावे आणि कोर्टाच्या कागदांच्या नकला करणाऱ्या ब्रीनला घेऊन येई. तो दाराजवळच्या खुर्चीत बसे, मान खाली घालून जेवे आणि शेवटचं चीज यायच्या आत उठून जाई. डॉक्टरांची थट्टा ठरलेली होती. "आला आमचा चौदावा. आता वर्षभर कुणाला मरण नाही." सगळे हसत. ब्रीनही हसे.

या माणसाचं नाव आपण आजवर एकदाही लिहिलं नाही, हे टिरेलला पान उघडल्यावर कळलं.

त्याने वाचलं. "डेव्हरूंकडे सॅमन. न्यायमूर्तींच्या घशात काटा अडकला, बोलणं थांबलं, सगळ्यांना बरं वाटलं. टेबलाशी आज आम्ही तेराच होतो. बघू, वर्षभरात कुणाचा नंबर लागतो."

डेव्हरू ताडकन उठले. "माझ्या टेबलाशी तेरा कधीच बसत नाहीत, माय लॉर्ड."

न्यायाधीशांनी त्यांना खाली बसायला सांगितलं. ते वकील होते, साक्षीदार नव्हते.

आता टिरेलने बोलायला हवं होतं. पण ती डायरी उन्हाळ्यात छापून येणार होती, आणि यातला एक शब्दही कल्पित नाही, असं त्याने मोठ्या ऐटीत पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. त्याने ब्रीनकडे पाहिलं. ब्रीन मान खाली घालून बसला होता, जेवायला बसल्यासारखा. टिरेलला स्वतःची लाज वाटली.

"आम्ही चौदा होतो," तो म्हणाला. "ब्रीन होता. मी त्याला गाळला. तेरा लिहिलं की वाक्य चांगलं होत होतं."

कोर्टात हशा पिकला. सवयीने ब्रीनही हसला.

सरकारी वकिलांनी हसू ओसरू दिलं. "म्हणजे वाक्यासाठी तुम्ही एक माणूस गाळता," ते अगदी सौम्यपणे म्हणाले. "मग मित्राच्या अशिलासाठी एक माणूस घालायला तुम्हाला कितीसा वेळ लागणार?"

ज्यूरीला वीस मिनिटं पुरली. मे महिन्यात एका सोमवारी सकाळी ब्रीनला फाशी दिली. प्रेत न्यायला कुणी नातलग आला नाही, आणि आला असता तरी तुरुंगवाल्यांनी ते दिलं नसतं.

टिरेलने छापखान्यातून डायरीचं हस्तलिखित परत आणलं. डेव्हरूंनी मात्र गुरुवार मोडला नाही. मंडळी आली, कोट काढून बसली. डेलियाने माणसं मोजली, जास्तीचं ताट मांडलं, शाल घेतली आणि दारापर्यंत जाऊन तशीच उभी राहिली. ताट उचल, असं तिला कुणी सांगितलं नाही. डॉक्टर आपल्या सुपाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिरेल डायरी घेऊन बसला. दाराजवळच्या खुर्चीपासून सुरुवात करून त्याने एकेक नाव लिहून काढलं. आदल्या रात्री टेबलाशी ते तेरा होते. त्याने चौदा लिहिले.