उजवा खांदा

अंतराळवीराचं आसन त्याच्याच पाठीच्या मापाचं करतात. ओल्या प्लास्टरमध्ये निजायचं, उठलं की साचा तयार. या अंतराळवीराचा साचा मात्र दोनदा बिघडला होता.

"साहेब, उजवा खांदा खाली येतोय तुमचा," संस्थेचा साचेवाला मिस्त्री म्हणाला. "एरवी तर अगदी ओळंब्यात उभे असता!"

याने मान खाली घातली. खांदा खाली होता तो याच्या दोस्ताचा, लहानपणी झाडावरून पडल्यापासून. यानातली ही जागाही दोस्ताचीच होती. आपल्याला कधीकधी चक्कर येते, हे त्याने विश्वासाने सांगितलं होतं. याने ते डॉक्टरांच्या कानावर घालून त्याला मोहिमेतून काढायला लावलं, आणि वर निरोपाला त्याच्या गळ्यात पडून रडलाही.

मिस्त्रीने तिसऱ्यांदा प्लास्टर ओतलं, लोण्यासारखं सपाट केलं आणि पाठ फिरवून हात धुवायला घेतले. "या, निजा."

याचा पाय उचलेना. आज खरं सांगून टाकावं म्हणून याने तोंड उघडलं.

तेवढ्यात समोरचं रिकामं प्लास्टर पचपच आवाज करत हळूहळू दबू लागलं. आधी उजवा खांदा, मग पाठ, मग डोकं.

तो आवाज ऐकून मिस्त्री नळावरूनच म्हणाला, "हां, अस्सं. आता हलू नका, साहेब."

दारापाशी उभ्या असलेल्या याने उघडलेलं तोंड मुकाट मिटून घेतलं.