आधी अक्षता, मग सावधान

ढाणकीच्या शेषरावांनी पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर आपटला. "पोराच्या लग्नाचा सत्यानाश केला तू. शेवटच्या 'सावधान'च्या आधीच अक्षता पडून राह्यल्या. आवाज मांगून येते अन् चित्र पुढं जाते. कायचा व्हिडिओवाला तू?" टीव्हीचा रिमोटही नातवाकडून दाबून घेणारा माणूस मला माझं काम शिकवत होता.

मी दोन दिवस एकेक फ्रेम तपासली. ताशावर काडी पडते त्याच क्षणी ठोका ऐकू येत होता. भटजींचे ओठ आणि आवाजही तंतोतंत जुळत होते. व्हिडिओत काहीच मागेपुढे नव्हतं.

मग शेषरावांना स्टुडिओत बोलावून मंडपाच्या मागच्या कॅमेऱ्याचं शूटिंग मोठ्या पडद्यावर लावलं. तिसऱ्याच मंगलाष्टकाला अख्खं वऱ्हाड मूठ रिकामी करून जेवणाकडे पळालं होतं.



शेवटचं 'सावधान' झालं तेव्हा नवरदेवाचा बाप हातात ताट घेऊन रांगेत सगळ्यात पुढे उभा होता.