बदललेला तुकडा

भाव येईपर्यंत शिंदखेड्याच्या घरात, पुढच्या खोलीत कापूस भरून ठेवलाय. त्यावर नजर राहावी म्हणून मी कॅमेरा बसवला आणि जळगावला कामावर परतलो. गावात नेट रडतखडत चालतं, म्हणून कॅमेरा पूर्ण चित्र पुन्हा पाठवत नाही. जेवढं बदललं तेवढाच तुकडा येतो आणि जुन्या चित्रावर बसतो. मांजरानं शेपूट हलवलं तरी येतो.

आज दुपारी माय ढिगाशेजारी खाटेवर झोपली होती. एक तुकडा आला. कापसात खड्डा पडला होता, कोणी बसल्यासारखा.

दुसऱ्या तुकड्यात खड्डा खाटेकडे सरकला होता.

मी घाबरून फोन लावला. लगेच उचलला गेला.

"माय, घरमा कोन शे?"

"कोनी नई रे भाऊ. मी एकलीच शे."

आवाज मायचाच. पण चित्रात तिचे डोळे मिटलेले, फोन उशाशी तसाच पडलेला.

"माय, हात हालव ना!"

"हालवी ऱ्हायनू ना, भाऊ."

तेवढ्यात तुकडा आला. मायच्या हाताचा नव्हता. कापसातला खड्डा वर आला होता, बसलेलं कोणी उठल्यावर येतो तसा.